छाट

दोन हजार सहाचा मे. कन्ना चौकात
सावलीलाही फोड येईल असं ऊन.
इराप्पा म्हमाण्यांच्या स्टुडिओत, मागच्या खोलीत,
कूलरच्या ओल्या वाळ्याशेजारी बसून
मी लग्नं भाजायचो.
एका डिस्कवर एक लग्न, चाळीस मिनिटं.

अंबुबाई वडनाल तिसऱ्यांदा पायरीवर.
पिशवीतून आधी पाला निघाला, मग कात्री,
मग टॉवेलात गुंडाळलेली पोरीच्या लग्नाची डिस्क.
भिवंडीला जावयाच्या प्लेअरमध्ये घातली
की पडद्यावर दोनच शब्द: नो डिस्क.
"हातात हाय की डिस्क," ती म्हणाली,
"मग न्हाई कसं म्हणतंय त्ये?"

मी सांगायला बसलो.
की मावशी, डिस्क दोन तऱ्हेच्या, एक वजा, एक अधिक.
दिसायला जुळ्या, पाठ तीच जांभळी.
काढणाऱ्या कंपन्यांचं आपसात पटलं नाही.
आमचं मशीन दोन्ही लिहितं,
जावयाचं फक्त वजा ओळखतं.
आणि मालकांनी नवी पेठेतून पन्नासची थप्पी आणली
ती नेमकी अधिकची, स्वस्त पडली म्हणून.
हे शेवटचं मी गिळलं.

तिने तंबाखूची धूळ बसलेलं बोट
डिस्कच्या कडेवरून एकदा फिरवलं.
"म्हंजे छाट काढतंय.
आमचा चेकर काढतो तसं.
हजार वळा, मूठभर बाजूला टाकतो.
पाला तोच, तमाखू तीच, दोरा तोच.
इचारलं तर म्हणतो, बसत न्हाई.
आन् छाट परत देत न्हाई बघ.
वढत आसंल की कोनतरी."

मशीनसोबत आलेल्या चोपडीत
इतकं नेमकं कुठे नव्हतं.

रात्री शटर अर्धं ओढून पुन्हा बसलो.
सव्वादहाला वीज गेली, एक डिस्क मधेच मेली
(ती खिडकीत टांगली, कबुतरांसाठी).
पावणेबाराला आली तेव्हा मागच्या गल्लीतले माग
दचकून एकदम खडखडले.

गाजुलांच्या पोराने एक युक्ती सांगितली होती.
डिस्कच्या आतल्या कड्यात, सनई सुरू व्हायच्या आधी,
ती कुठल्या जातीची ते लिहिलेलं असतं.
मशीन आधी तेवढंच वाचतं.
पटलं तर पुढे, नाहीतर तोंड फिरवतं.
अधिकवाल्या डिस्कचा तो रकाना बदलता येतो.
लिहायचं, मी कारखान्यातूनच छापून आले.

भाड्याची खोली बघायला गेल्यावर
मीही आडनाव जरा उशिरा सांगायचो.
लिहिलं.
चार एक्सवर, सगळ्यात हळू,
हळदीपासून पाठवणीपर्यंत.

आठव्या दिवशी दुकानात फोन.
पोरगीच होती, पद्मावती. मागे माग वाजत होते,
तिकडचे की इकडचे, कळेना.
"लागली, अण्णा."
मग जरा थांबून,
"जिरं-गूळ डोक्यावर ठेवतात ना, तिथं अडतंय.
मग आपोआप पुढं जातंय."
बदलून देतो म्हणालो.
"नको. तिथं आई दिसती.
अडतंय म्हणून जास्त येळ दिसती."

उरलेली थप्पी मी त्याच रकान्यात
तेच खोटं लिहून संपवली.
एकही लग्न परत आलं नाही.
मालक म्हणाले, बघ, स्वस्त माल वाईट नसतो.

पुढच्या सोमवारी अंबुबाई कारखान्यातून परतताना
पायरीवर टेकली. मी ड्रॉवरमधून तिच्या
आधीच्या, न लागलेल्या डिस्क काढून दिल्या.
ती बघत राहिली, माझ्याकडे, मग डिस्ककडे.
छाट परत मिळायची ही पहिलीच वेळ असावी.
टॉवेलात गुंडाळल्या, पिशवीत घातल्या,
पाल्याच्या वर, कात्रीपासून जरा लांब.